टर्बो गाडीचा प्लग: आधी हीट रेंज, मग गॅप, मग धातू

सुट्या भागांच्या दुकानात टर्बो गाडीचा स्पार्क प्लग मागितला की समोरून पहिला प्रश्न येतो, "साधा देऊ की इरिडियम?" रोज बाजारात जाऊन येणाऱ्या गाडीला एवढी चौकशी पुरते. पण ऑक्टाव्हिया आरएस, पोलो जीटीआय, एम ३४० आय अशा गाडीला, त्यातही रीमॅप करून, म्हणजे इंजिनाच्या संगणकातला प्रोग्राम बदलून, ताकद वाढवलेल्या गाडीला, धातूचा प्रश्न तिसऱ्या नंबरचा आहे. हीट रेंज (प्लग टोकाची उष्णता किती लवकर बाहेर टाकतो ते सांगणारा आकडा) आणि गॅप (ठिणगी उडते ते दोन टोकांमधलं अंतर) जुळले तर साधा निकेलचा प्लगही गाडी झकास पळवतो. ते चुकले तर दुकानातला सगळ्यात महाग इरिडियम पिस्टनची वाट लावू शकतो.

प्लगचं काम नुसतं ठिणगी टाकण्याचं नाही. सिलिंडरमध्ये त्याचं टोक सतत भाजून निघतं. ती उष्णता चिनी मातीतून लोखंडी अंगात, तिथून आट्यांवाटे हेडमध्ये आणि शेवटी कूलंटमध्ये उतरवणं हेही त्याचंच काम. आतलं चिनी मातीचं नाक लांब असलं की उष्णतेला बाहेर पडायला लांबची वाट पडते आणि टोक तापलेलं राहतं. हा गरम प्लग. नाक आखूड असलं की उष्णता लवकर निघून जाते, तो थंड प्लग. गरम प्लगची ठिणगी जास्त कडक असते असं बऱ्याच गॅरेजांत सांगतात. ते चूक आहे. ठिणगीच्या जोराचा या नावाशी काहीही संबंध नाही.

टोकाचं तापमान साधारण ५०० ते ८५० अंश सेल्सिअसच्या दरम्यान राहायला हवं. त्याखाली काजळी जळून जात नाही, चिनी मातीवर साठत जाते, आणि मग वीज गॅपमधून उडी मारण्याऐवजी काजळीवरूनच निसटते. टोक ९०० च्या पार गेलं तर ते निखाऱ्यासारखं लाल होतं आणि ठिणगी पडायच्या आधीच मिश्रण पेटवतं. पिस्टन अजून वर येतोय आणि वरून स्फोट त्याला खाली दाबतोय, अशी ती अवस्था. यात पिस्टनला भोक पडायला फार वेळ लागत नाही. हीट रेंजचा एक आकडा बदलला की टोकाचं तापमान ७० ते १०० अंशांनी सरकतं, म्हणून एका आकड्याला इतकं महत्त्व.

आकड्यांत एक फसगत आहे. एनजीके आणि डेन्सो यांचा आकडा वाढला की प्लग थंड होत जातो. बॉश आणि चॅम्पियन यांचा आकडा वाढला की तो गरम होत जातो. एनजीकेच्या हिशेबाची सवय असलेल्या माणसाने थंड हवा म्हणून बॉशमध्ये एक आकडा वर घेतला तर तो नेमका उलटा, गरम प्लग घेऊन घरी येतो. एनजीकेचा ७ म्हणजे साधारण डेन्सोचा २२, ८ म्हणजे २४ आणि ९ म्हणजे २७.

गाडी कंपनीतून आली तशीच असेल तर कंपनीने दिलेलीच हीट रेंज ठेवा. नुसता एअर फिल्टर किंवा मागचा सायलेन्सर बदलला म्हणून थंड प्लग लागत नाही. ताकद वाढवली असेल तर ठोकताळा असा, की मूळ ताकदीवर दर ७५ ते १०० अश्वशक्ती वाढली की एक आकडा थंड. २३० ची गाडी रीमॅपने ३०० च्या आसपास गेली, तर सातावरून आठावर जायचं आणि तिथेच थांबायचं. "थंड म्हणजे सुरक्षित" असं धरून थेट नऊ टाकणारे बरेच आहेत, आणि आपल्या बेळगावकडच्या भागात ती चूक हिवाळ्यात उघडी पडते. गळीत हंगाम सुरू झाला की चिकोडी, संकेश्वर, निपाणीच्या रस्त्यांवर उसाच्या ट्रॉल्यांमागे दुसऱ्या गिअरमध्ये अर्धा-अर्धा तास रांगावं लागतं. अशा चालीत नऊ नंबरचा प्लग ५०० अंशांना पोचतच नाही. आठवडाभरात तो काळा होतो आणि सकाळी गाडी सुरू करताना मिसिंग येतं, म्हणजे एखादा सिलिंडर पेटत नाही. मग दोष कॉइलला, म्हणजे प्लगला उच्च दाबाची वीज देणाऱ्या भागाला, दिला जातो.

पाकिटावरचा कोड वाचता आला की दुकानदाराच्या शब्दावर राहावं लागत नाही. एनजीकेचा बीकेआर६ईआयएक्स-११ घ्या. बी म्हणजे १४ मिलिमीटरचे आटे, के म्हणजे १६ मिलिमीटरचा पाना, आर म्हणजे आत रेझिस्टर, ६ ही हीट रेंज, ई म्हणजे आट्यांची लांबी १९ मिलिमीटर, आयएक्स म्हणजे इरिडियम आणि शेवटचे ११ म्हणजे गॅप १.१ मिलिमीटर. फोक्सवॅगन गटाच्या दोन लिटर टर्बो इंजिनांत सर्रास दिसणारा पीएफआर७एस८ईजी हाही याच रीतीने उलगडतो. त्यातला पी प्लॅटिनमचा, ७ हीट रेंजचा, ८ म्हणजे ०.८ मिलिमीटर गॅप. आट्यांची लांबी तर कधीच अंदाजाने घेऊ नये. लांब प्लग पिस्टनवर आपटू शकतो. आखूड प्लग बसवला तर हेडमधले खालचे आटे उघडे राहतात, त्यांत काजळी भरते आणि पुढच्या वेळी बरोबर लांबीचा प्लग तिथे अडकतो. आर नसलेला प्लगही या गाड्यांत नको, ठिणगीचा विजेचा गोंगाट ईसीयू (इंजिनाचा संगणक) आणि सेन्सरांपर्यंत पोचतो.

आता गॅप. विजेला दोन टोकांमधली हवा फोडून जायचं असतं. हवा जितकी दाट आणि अंतर जितकं जास्त, तितका जास्त व्होल्टेज लागतो. टर्बो हेच करतो, तो हवा कोंबून दाट करतो. साध्या इंजिनात १.० ते १.१ मिलिमीटरचा गॅप सुखाने चालतो, कंपनीच्या टर्बो गाडीत तो ०.७ ते ०.८ असतो आणि रीमॅप करून बूस्ट (टर्बोने कोंबलेल्या हवेचा दाब) वाढवलेल्या गाडीत ०.६ ते ०.६५ पर्यंत आणावा लागतो. गॅप मोठा राहिला तर आयडलला (गाडी उभी, इंजिन चालू) गाडी लोण्यासारखी चालते, पण तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये पूर्ण अॅक्सिलरेटर दिला की ३,५०० आरपीएमच्या आसपास झटके मारते. कॉइलची ताकद तिथे अपुरी पडते आणि ठिणगी पडतच नाही. मात्र गॅप उगाच ०.५ वर आणू नका. ठिणगी इतकी आखूड होते की आयडलला मिश्रण नीट पेटत नाही आणि गाडी थरथरते.

नवा प्लग पाकिटातून काढला की गॅप मोजायचाच, पाकिटावर काहीही छापलेलं असो. वाटेत कुणी पाकीट पाडलेलं असू शकतं. मोजायला तारेचा गेज किंवा पातळ फीलर गेज वापरा. नाण्यासारखा गोल, कडेला चढ असलेला गेज दोन टोकांच्या मध्ये दाबून फिरवला की ०.६ मिलिमीटर जाडीचं इरिडियमचं टोक तुटतं किंवा त्याची बैठक हलते, आणि ते डोळ्यांना दिसतही नाही. गॅप कमी-जास्त करायचा तो फक्त बाहेरच्या वाकलेल्या पट्टीला हलवून, तोही मूळ गॅपपासून ०.२ मिलिमीटरच्या आत. त्याहून जास्त वाकवावं लागत असेल तर तो प्लग तुमच्या कामाचा नाही, कमी गॅपचा दुसरा मागा.

धातूबद्दल थोडक्यात. निकेलचं मधलं टोक सुमारे अडीच मिलिमीटर जाड असतं आणि लवकर झिजतं. प्लॅटिनमचं १.१ च्या आसपास. इरिडियम २,४४६ अंशांना वितळतो, निकेल १,४५५ ला, त्यामुळे इरिडियमचं टोक ०.४ ते ०.६ मिलिमीटर इतकं बारीक ठेवता येतं. बारीक टोकावरून ठिणगी उडायला कमी व्होल्टेज लागतो, आणि टर्बो गाडीत इरिडियमचा खरा फायदा हाच. आयुष्य जास्त हा दुसरा फायदा, पण बूस्ट वाढवलेल्या गाडीत त्याचा फार भरवसा धरू नये. कंपनीच्या अवस्थेत जो इरिडियम ६०,००० किलोमीटर आणि पुढे जातो, तोच रीमॅपच्या गाडीत मी २०,००० ला काढायला सांगेन. हिशेब करून बघा, ३,००० आरपीएमला प्रत्येक प्लग सेकंदाला २५ वेळा ठिणगी टाकतो. काही दणकट गाड्यांचे ट्यूनर मुद्दाम साधा निकेलचा थंड प्लग टाकतात आणि ८-१० हजारांना बदलतात. तोही शहाणपणाचाच मार्ग आहे.

बनावट मालाबाबत डोळे उघडे ठेवा. अस्सल प्लगच्या चिनी मातीवरची छपाई नखाने निघत नाही. आटे गुळगुळीत असतात, त्यांवर कापल्याच्या कडा लागत नाहीत. वायसर (आट्यांच्या वरची धातूची चकती) हाताने फिरतो पण सहज निघून येत नाही. बाहेरची पट्टी मधल्या टोकाच्या बरोबर वर असते. चारही प्लग एका रांगेत उभे करून वरून पाहिलं की वाकडा असलेला लगेच ओळखू येतो. मल्टिमीटर असेल तर वरच्या टोकापासून आतल्या टोकापर्यंत रेझिस्टन्स मोजा. रेझिस्टरवाल्या प्लगमध्ये तो साधारण पाच किलोओहम येतो, आणि चारांमध्ये फार फरक नसतो.

बदलायचं काम इंजिन पूर्ण थंड असतानाच करायचं. हेड अॅल्युमिनियमचं, प्लगचं अंग लोखंडाचं. गरम हेडचे आटे मऊ असतात आणि प्लगबरोबर सोलून बाहेर येतात. रात्री गाडी लावली आणि सकाळी काम काढलं, हे सगळ्यात बरं.

लागणारं सामान फार नाही. १६ मिलिमीटरचा चुंबकवाला प्लग सॉकेट (रबराची पकड असलेला नको, प्लग बसतो त्या हेडमधल्या खोल विहिरीत त्याचं रबर प्लगवरच अडकून राहतं), १५ आणि २५ सेंटिमीटरचे एक्स्टेन्शन, टॉर्क रेंच (ठरावीक जोरानेच आवळणारा पाना), काँप्रेसरची हवा, फीलर गेज, डायइलेक्ट्रिक (वीज न वाहू देणारं) ग्रीस आणि हातभर लांबीचा पेट्रोलचा रबरी पाइप. बीएमडब्ल्यूच्या अलीकडच्या टर्बो इंजिनांत १२ मिलिमीटर आट्यांचा प्लग असतो, त्याला १४ मिलिमीटरचा बारा कोनांचा पातळ सॉकेट लागतो. जाड सॉकेट विहिरीत उतरतच नाही.

वरचं प्लास्टिकचं कव्हर काढा. कॉइलचा कनेक्टर काढताना लॉक आधी पूर्ण मोकळा करा. इंजिनाच्या उष्णतेने हे प्लास्टिक खारीसारखं ठिसूळ होतं आणि स्क्रूड्रायव्हरने उचकटलं की तुकडा हातात येतो. काही इंजिनांत कॉइलला १० मिलिमीटरचा बोल्ट किंवा टॉर्क्स स्क्रू असतो, काहींत ती नुसती रबरावर चिकटून बसलेली असते. चिकटलेली कॉइल आधी डावी-उजवी थोडी फिरवून मोकळी करा, मग सरळ वर ओढा. तिरकी ओढली तर प्लगवर चढणारा तिचा रबरी बूट फाटून निम्मा आत राहतो.

कॉइल निघाली की लगेच सॉकेट घालू नका. आधी टॉर्चने विहिरीत बघा. खानापूर, जांबोटीकडे फिरणाऱ्या गाड्यांत तळाशी तांबड्या धुळीचा थर असतो, आणि वॉशिंग सेंटरवर बॉनेट उघडून प्रेशरने इंजिन धुतलेलं असेल तर त्या धुळीचा चिखल झालेला असतो. प्लग निघताच हा सगळा माल सिलिंडरमध्ये पडतो आणि वाळूचा एक कण सिलिंडरच्या भिंतीवर रेघ ओढत बसतो. काँप्रेसरची हवा मारून विहीर साफ करा, मग प्लग पाव फेरा सैल करा, पुन्हा हवा मारा आणि मग पूर्ण खोला. ही दुसरी हवा बहुतेक जण मारत नाहीत. आट्यांच्या कडेला अडकलेली धूळ नेमकी तेव्हाच सुटते.

खोलताना प्लग मध्येच जड लागला तर जोर लावू नका. अर्धा फेरा परत आत घ्या, आट्यांत थोडं भेदक तेल सोडा, दहा-पंधरा मिनिटं थांबा आणि पुढे-मागे करत काढा. निघालेले प्लग सिलिंडरच्या क्रमाने ठेवा. अंड्यांचा पुठ्ठ्याचा ट्रे यासाठी फार सोयीचा.

जुने प्लग फेकायच्या आधी नीट वाचून घ्या, इंजिनाच्या आतली खबर त्यांच्याकडूनच मिळते. फिकट करडा किंवा बिस्किटी रंग म्हणजे सगळं ठीक. हल्ली पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं, ते जळताना रंग फारसा सोडत नाही, म्हणून चांगला प्लगही पूर्वीपेक्षा पांढरट दिसतो. नुसत्या पांढऱ्या रंगावरून मिश्रण पातळ आहे असा निर्णय करू नका. खरी भीती फोड आलेल्या, चकाकणाऱ्या चिनी मातीची. भिंग लावून नाकावर मिरीच्या कुटासारखे बारीक काळे किंवा चंदेरी ठिपके दिसले, तर नॉकिंग, म्हणजे मिश्रण आपोआप दणक्याने पेटणं, होतंय, आणि चंदेरी ठिपके हे पिस्टनचं अॅल्युमिनियम असतं. तशी गाडी नवे प्लग टाकून जोरात पळवू नका, आधी ट्यून (रीमॅपची सेटिंग) तपासा. सुकी काजळी म्हणजे मिश्रण जाड किंवा प्लग जास्त थंड. तेलकट काळा म्हणजे व्हॉल्व्ह सील, पिस्टन रिंग किंवा पीसीव्ही व्हॉल्व्ह, यांतल्या कशातून तरी तेल आत येतंय. चारातला एकच प्लग वाफेने धुतल्यासारखा लख्ख निघाला तर त्या सिलिंडरमध्ये कूलंट शिरत असण्याची दाट शक्यता.

वरच्या पांढऱ्या भागावर, लोखंडी अंगाला लागून तपकिरी कडं दिसतं. "गॅस लीक आहे" म्हणत चांगले प्लग त्यावरून बाद केले जातात. उच्च दाबाच्या विजेमुळे हवेतले तेलाचे कण तिथे ओढले जाऊन तो डाग पडतो, त्याने काही बिघडत नाही. मात्र चिनी मातीवर वरून खाली केसासारखी काळी रेघ असेल तर ती खरी खराबी. वीज आतून न जाता बाहेरून उतरलेली असते, आणि तिची जुळी रेघ कॉइलच्या रबरी बुटाच्या आत सापडते. नुसता प्लग बदलला तर त्याच बुटामुळे नव्या प्लगवर थोड्याच दिवसांत तशीच रेघ पडते. बूट किंवा कॉइलही बदला.

नवा प्लग विहिरीत सोडून देऊ नका. खाली आपटला की गॅप मिटतो किंवा नाक तडकतं. रबरी पाइपचं टोक प्लगच्या डोक्यावर घट्ट बसवा, अलगद खाली न्या आणि आधी उलटा फिरवा. आट्याचं तोंड तोंडाला मिळतं तेव्हा प्लग किंचित खाली बसल्याचं बोटांना कळतं, बारीक 'टक्' होतं. तिथून सुलटा फिरवत न्या. आटे वाकडे धरले गेले तर पाइप हातात घसरतो, प्लग पुढे जात नाही. सॉकेट आणि लांब दांडी असती तर तोच प्लग वाकडाच आत गेला असता. बोटांनी तळाला टेकेपर्यंत जायला हवा, मग टॉर्क रेंच. वायसरवाल्या १४ मिलिमीटर प्लगला अॅल्युमिनियम हेडमध्ये साधारण २५ ते ३० न्यूटन-मीटर, १२ मिलिमीटरला १५ ते २०. गाडीच्या मॅन्युअलमध्ये वेगळा आकडा असेल तर तोच धरा. रेंच नसेल तर बोटांनी टेकल्यावर नव्या वायसरवाल्या १४ मिलिमीटर प्लगला अर्धा ते दोन तृतीयांश फेरा, जुना परत बसवत असाल तर फेऱ्याचा बारावा भाग. सैल प्लग उष्णता हेडला देऊ शकत नाही, म्हणजे बरोबर हीट रेंजचा असूनही गरम प्लगसारखा वागतो. हे फार जणांच्या लक्षात येत नाही.

आट्यांना ग्रीस किंवा अँटी-सीझ लावायचा मोह आवरा. चकाकता मुलामा असलेल्या प्लगना त्याची गरज नसते आणि ओल्या आट्यांवर रेंचचा तोच आकडा प्लगला कितीतरी जास्त आवळतो. डायइलेक्ट्रिक ग्रीस लागतं ते बुटाच्या तोंडाशी आत, बोटाने पुसल्याइतकं पातळ. चोर्ला, कणकुंबीच्या पावसात फिरणाऱ्या गाडीला हा थर हवाच. आटे गेलेच असतील तर तोच प्लग सफेद टेप गुंडाळून बसवण्याचे उद्योग करू नका. धातूचा इन्सर्ट बसवून घ्या, आणि जमलं तर हेड उतरवून, म्हणजे कीस आत पडणार नाही.

काम झाल्यावर इंजिन सुरू करून दोन मिनिटं आयडलला ऐका. स्कॅनर लावून प्रत्येक सिलिंडरचे मिसफायर, म्हणजे मिश्रण न पेटलेल्या वेळा, मोजा. पी०३०१ ते पी०३०४ या दोषकोडांतला शेवटचा आकडा सिलिंडरचा. एकाच सिलिंडरला येत असेल तर त्याची कॉइल शेजारच्याशी बदलून बघा. दोष कॉइलबरोबर सरकला तर कॉइल, जागेवर राहिला तर प्लग किंवा इंजेक्टर. चेक इंजिनचा दिवा लुकलुकत असेल तर गाडी पुढे रेटू नका, न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतं.

मग खरी परीक्षा घाटात. केरीहून चोर्ला चढताना थेट इंजेक्शनची टर्बो गाडी पाचव्या गिअरमध्ये १,५०० आरपीएमवर ठेवून अॅक्सिलरेटर दाबू नका. कमी आरपीएम आणि पूर्ण बूस्ट या जोडीत तेलाचा थेंब किंवा निखारा झालेला काजळीचा कण वेळेआधी स्फोट करतो, आणि त्या एका दणक्यात प्लगचं नाक तुटू शकतं. गिअर खाली घ्या, २,५०० च्या वर ठेवा आणि इंजिनात एपीआय एसपी दर्जाचं तेल असू द्या. चढ संपून गाडी एक हजार किलोमीटर चालली की एकच प्लग थंड इंजिनातून काढा. बाहेरच्या वाकलेल्या पट्टीवर तापल्याने बदललेला रंग कुठवर आलाय ते बघा. तो पट्टीच्या मध्यावर, वळणाजवळ थांबला असेल तर हीट रेंज जमली. टोकाशीच अडकला असेल तर प्लग थंड आहे. मुळापर्यंत, आट्यांकडे उतरला असेल तर एक आकडा थंड मागवा आणि तोवर गाडी जोरात पळवू नका.